फुलंब्रीच्या बांधाजवळ, आमच्या रीतीनं

मी, शुलामिथ शिमशोन नवगावकर, वय सत्तावीस, राहणार क्रांती चौकाजवळ, छत्रपती संभाजीनगर, नोकरी बिडकीनच्या कंपनीत, हे लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि मला कुणी भरीस घातलेलं नाही. बिघडलाय तो हृदयाचा व्हॉल्व्ह. सोमवारी ऑपरेशन आहे. मी गेलेच, तर माझ्यावर जीव असलेली दोन घरं मला दोन दिशांना ओढणार, म्हणून हे मृत्युपत्र. शाळा इंग्लिश मीडियम, त्यामुळे बोलते तसंच लिहिलंय. वकीलसाहेबांनी दुरुस्त करू नये, प्लीज.

१. फ्लॅट आणि बँकेत असेल ते माझा भाऊ एलिझर, राहणार अश्दोद, इस्रायल, याला. दादा, तू फोनवर टोमणा मारतोस, "अख्ख्या शहरात एकटी ज्यू तू, काय उरणार तुझं तिथं?" घे, फ्लॅट उरला. विकलास तर चौकटीवरचा मेझुझा, आपल्या प्रार्थनेची ती डबी, स्वतःच्या हातानं काढून ने. दिवाळीला खालच्या मजल्यावरच्या मनकर्णाकाकू तिच्यावरही झेंडू लावतात. फोटोत बघून तू चिडलास. मला आवडलं होतं.

२. चांदीचा पेला दादाच्या मुलींना. शुक्रवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला त्यात काळ्या मनुकांचं सरबतच ओतायचं, दुकानातली वाइन नाही. आपण बेने इस्रायली तसंच करत आलोय.

३. नारळ खोवायची विळी मनकर्णाकाकूंना. मम्मी गेल्यापासून आमच्या प्रत्येक मलिद्याचा, म्हणजे नवसाच्या गोड पोह्यांचा, नारळ त्यांनीच खोवला. एलियाहू हन्नाबीचं, आमच्या प्रेषिताचं, नाव घेतलं की पदर डोक्यावर घेतात. आमचे खाण्याचे नियम पाळायला ठेवलेल्या वेगळ्या कढईला सुनांनाही हात लावू देत नाहीत. मी वाचले तर पहिला मलिदा काकूंच्याच ओट्यावर.

४. माझ्या देहाबद्दल. हे कलम दोनदा वाचा.

मला जाळू नका. अश्दोदलाही नेऊ नका. काकूंचे यजमान काकासाहेब यांनी फुलंब्रीच्या शेतात बांधाजवळ पप्पांना जागा दिली, परवानगीही स्वतः फिरून आणली. तिथंच, पप्पांशेजारी. साधं पांढरं कापड. हार नको, गुलाल नको.

काकू, पप्पांच्या तोंडात तुम्ही तुळशीपान ठेवलंत, पुण्याच्या मोझेस अंकलनी ते काढलं आणि तुम्ही जिन्यात जाऊन रडलात. माझ्या तोंडात ठेवू नका. हातात धरून माझ्याजवळ बसा.

गेलेल्यासाठी म्हणायच्या कद्दिशच्या प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात. पप्पांच्या वेळी पुण्या-मुंबईहून नऊच आले. काकासाहेब म्हणाले, "एकच कमी हाय ना? मला धरा की."

मोझेस अंकल म्हणाले, "तसं नाही चालत, साहेब. ज्यूच लागतो."

"बरं. मग आनतो एक."

जीप घेऊन काका थेट वेरूळला गेले आणि लेण्यांच्या गेटवर प्रत्येक गोऱ्याला विचारत सुटले, "यू ज्यू?" दुपारी योनातान नावाच्या इस्रायली टुरिस्टला घेऊन आले. "ह्यो चालंल का? लई लांबून आलाय." त्यानं कद्दिश म्हटलं, मग काकूंचं पिठलं-भाकर खाऊन नाक पुसत बसला.

मोझेस अंकल, एक राग अजून आहे. हिब्रू वाचता येणारी सख्खी मुलगी समोर उभी, आणि तुम्ही मलाही मोजलं नाहीत. काका आणि मी दोघंही बाजूला. माझ्या वेळी दहा जमवा, पण उभं मात्र काकासाहेबांना सगळ्यांत पुढं करा.

५. पप्पांची राजदूत मोटरसायकल काकासाहेबांना.

हे कलम आज रद्द केलं. वकीलसाहेबांनी सांगितलं, साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला किंवा त्याच्या बायकोला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून विळी काकूंच्या हातात आजच दिली. मी काकासाहेबांना म्हटलं, गाडी की सही, एक ठरवा.

काकांनी विचारलं, "साक्षीदार तुमच्याच जातीचा लागतो का?"

"नाही, काका. शुद्धीत असलेला कुणीही चालतो."

"मंग गाडी खोड, पोरी. सही माझी. उद्या तुझ्या भावानं न्यायचं म्हटलं, तर कोर्टात मी उभा राहीन. पोरगी हितंच राहनार, अन् तिच्याच रीतीनं."

वरील सर्व मला मान्य. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

शुलामिथ शि. नवगावकर

साक्षीदार:
१. काकासाहेब कारभारी जाधव, फुलंब्री
२. अ‍ॅड. नानासाहेब बद्रीनाथ पवार

छत्रपती संभाजीनगर, २१ नोव्हेंबर २०२४