तेल लावलेला फोटो

शनिवार, संध्याकाळचे सात. पिरनवाडी.

अमोलनं सोमवारचं केस रोवण्याचं ऑपरेशन रद्द केलं. सुटले. पण ते ठरलं होतं माझ्यामुळे, हे निदान इथे लिहावं.

माझ्या या धाकट्या भावाची पंचविशीतच टाळू दिसू लागली, म्हणून डॉक्टरांनी लावायचं औषध दिलं. दर महिन्याला डोक्याचा फोटो मी काढायचे. तोच दिवा, तेच अंतर. फाउंड्रीत दिवसभर मापं तपासणारी मी, माझं कसं चुकेल? पाचव्या महिन्यात मीच म्हणाले, "वाढलंय टक्कल." त्यानं औषध सोडलं आणि परस्पर ऑपरेशन ठरवलं.

त्याआधी एकदा औषध देणाऱ्या डॉक्टरांना दाखवू, म्हणून आज दोघं कॅम्पातल्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी टाळू तपासली, फोटो पाहिले. "या शेवटच्या फोटोत तेल लावलंय का?"

रविवार होता तो. रविवारी न्हाण्याआधी आई त्याच्या डोक्यावर तेल घालतेच. लाइट जाणार म्हणून त्या दिवशी मी आंघोळीआधीच फोटो काढला. तेलानं केस चिकटले, कातडी उघडी दिसली. तेल! माझ्या लक्षात कसं आलं नाही?

"गळणं थांबलं होतं," बाई म्हणाल्या. "औषध पुन्हा सुरू करा. या वयात ऑपरेशनची घाई नको."

येताना स्कूटरवर मी म्हणाले, "चूक माझी आहे."

"व्हय गं आक्का? मग कंपनीत किती चांगला माल भंगारात घातलास?" खूप हसला. मग हळूच म्हणाला, "लई भ्यालतो गं त्या ऑपरेशनला."

पाठीवर हात ठेवायला हवा होता. पण स्कूटर मीच चालवत होते.