रोज चौऱ्याऐंशी

वैशाली, गाझियाबाद
१२ नोव्हेंबर २०००

प्रिय स्वरूपा,

फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच आणि मग काय रागवायचं ते रागाव.

करोल बागेतल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून वर्ष झालं, पण इथे लिफ्ट अजून नाही, नुसता तिचा खड्डा आहे. समोर आणखी तीन इमारती उठताहेत. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. माझ्या वीस वर्षांच्या दम्याला ही धूळ मानवत नाही. तिसरा मजला मी दोन ठिकाणी थांबून चढते. बाबा पिशव्या घेऊन पुढे जातात आणि वरून ओरडतात, "चलो सुनीती, शिखर दिसतंय." निवृत्त झाल्यापासून त्यांना विनोद सुचायला लागले आहेत.

तुझं बारावीचं फिजिक्सचं जर्नल आठवतं? लंबकाची रीडिंग्ज तू मनाने भरली होतीस, सगळी एकसारखी, सुबक. कॉलेजच्या लॅबमध्ये सत्तावीस वर्षं मी हेच पकडत आले, घरात कसं सुटणार? मी पानं फाडली आणि खिडकीला दोरा बांधून तुला सगळं पुन्हा मोजायला लावलं. तू रडत रडत मोजलंस. मला तेव्हा काही वाटलं नाही.

जुलैत मला धडधड सुरू झाली. डॉक्टरांनी रोज सकाळी नाडी मोजून वहीत लिहायला सांगितलं. त्याच आठवड्यात तुझं नव्या वर्षात सिंगापूरच्या नोकरीवर जायचं ठरलं, आणि तू बजावलंस की नाडी शंभरच्या वर गेली तर तू जाणार नाहीस. त्या दिवशी ती एकशे अठरा होती. मी चौऱ्याऐंशी सांगितली. मग वहीतही तेच लिहिलं, कारण बाबा वही बघतात. चार महिने दर रविवारी तुला सांगितलेला प्रत्येक आकडा खोटा आहे.

डॉक्टरांकडे जायचंही मी टाळत होते. गेल्या सोमवारी बाबांनी नेलंच. डॉक्टर तुझ्याच वयाचा. वही उलटून म्हणाला, "मॅडम, रोज चौरासी? इतनी सीधी तो घड़ी भी नहीं चलती." आणि स्वतः मनगट धरलं. एकशे बावीस. घरी आल्यावर जिन्यात बाबा पहिल्यांदाच माझ्या मागून चढले.

ईसीजी झाला, रक्त तपासलं. हृदयात दोष नाही. धुळीमुळे मी श्वासाचा पंप मनानेच दुप्पट घेत होते आणि दम्याची एक गोळीही ठोके वाढवत होती. गोळी बदलली, पंपाच्या वेळा ठरवून दिल्या. खरं लिहिलं असतं तर हे जुलैतच झालं असतं. काल एकशे चार होती, आज अठ्ठ्याण्णव. डॉक्टर म्हणतो, आणखी उतरेल.

खरे आकडे आता तुझ्याकडे आहेत. सिंगापूरचं तू ठरव. माझं मत विचारशील तर जा. वही बाबांनी ताब्यात घेतली आहे, पण तिसाव्या ठोक्याला त्यांना काहीतरी सांगायचं आठवतं आणि मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावते. म्हणून, एरवी कधी म्हटलं नाही ते म्हणते: निघण्याआधी दोन दिवस इथे ये. घड्याळ मी धरीन, मनगटावर बोटं तू ठेव. पूर्ण मिनिट मोज, आणि येईल तो आकडा तुझ्या हाताने लिही.

तुझीच,
वाट पाहणारी
आई