गडगडलं की मेन खाली

आंबेकोंड, सावर्ड्याजवळ
६ ऑक्टोबर २०२४

चि. अनिल यास,
बकुळाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते, कारण मी फोनवर बोलले की ते कुंपणापलीकडे लवूच्या शेडपर्यंत ऐकू जातं, आणि जे सांगायचंय ते त्याच्याबद्दलच आहे. तुझा प्रोजेक्टर गेला, आणि तो आपल्या चुलतभावाने घालवला.

गेल्या सोमवारी संध्याकाळी बाबांना नेहमीसारखं नमन-खेळ्यांचं जुनं रेकॉर्डिंग लावून दिलं होतं. स्टुलावर मशीन, पुढे तिरका आरसा आणि कौलांखाली ताणलेल्या चादरीवर चित्र. अर्धांगानंतर त्यांची मान वळत नाही म्हणून ही युक्ती तूच काढलीस, आणि खरं सांगते, डॉक्टरला जमलं नाही ते तिने केलं. मंडळाच्या जुन्या नमनात स्वतःला मृदंग वाजवताना बघितलं की त्यांचा उजवा हात गोधडीवर ठेका धरतो. दिवसातला तेवढाच वेळ ते आपले बाबा असतात. बाकी वेळ नुसते पडून असतात.

गणपती नाचून गेला, गवळणी यायच्या होत्या, एवढ्यात लवूने गेटचं वेल्डिंग सुरू केलं. आपले दिवे मिणमिणायला लागले. त्यातच घाटाच्या बाजूला ढग वाजला. मी तशीच धावत पडवीत गेले आणि आईच्या शिस्तीप्रमाणे मेन स्विच पाडला. खोलीत परत येते तर जळका वास, आणि बाबा काळोखात वर बघत पडलेले. लाइट परत चालू केली तेव्हा मशीन उठलंच नाही. वेल्डिंगचा झटका माझ्या आधी पोचला होता.

एक नवल मात्र झालं. आजारपणापासून बाबा ‘पाणी’ आणि ‘नको’ याखेरीज बोलत नव्हते. मी लवूच्या नावाने बोटं मोडत होते, तर माझ्यामागोमाग तेही ‘लव्या’ म्हणाले, आणि पुढे एक अस्सल शिवीही घातली. आता रोज सकाळी घालतात. मी त्याला सोडणार नाही. कसं ते बघते.

सुनेला आशीर्वाद. तिच्या हातचे लाडू पाठवलेस तर मी नाही म्हणणार नाही.

तुझी,
बकुळाताई


कांदिवली
११ ऑक्टोबर २०२४

ती. बकुळाताईस,
अनिलचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून हातातला चहा तसाच राहिला. लवूला लहानपणी आपल्याच ताटात जेवू घातला, त्याचे हे पांग फेडले. शेडसाठी आपल्या फणसाची फांदी तोडली तेव्हाच त्याला धरायला हवा होता. तू म्हणतेस तसं, सोडू नकोस. मी तुझ्या बाजूला आहे.

मशीन जुन्या लुगड्यात नीट गुंडाळून रात्रीच्या बसने येणाऱ्या वाडीतल्या मितेशकडे दे, तो दर आठवड्याला ये-जा करतो. आमच्या हॉटेलच्या हॉलमध्ये ते मशीन वर्षानुवर्षं लग्नं आणि मीटिंगा दाखवत होतं, एकदाही कुरकुरलं नाही. हॉटेलवाल्यांनी मोडीत काढलं म्हणून मी उचललं. दुरुस्तीवाला ओळखीचा आहे.

मितेशच्याच हाती स्टॅबिलायझर आणि स्पाइक गार्ड पाठवतो. भिंतीतून येणारी वीज आधी स्टॅबिलायझरमध्ये, मग स्पाइक गार्डमध्ये आणि मग मशीनला, असं लाव. त्याने लवूचे झटके बाहेरच राहतील. दुसरं म्हणजे आपल्या जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही, अर्थिंग कोरडं पडतं. परसातल्या त्या खड्ड्यात मीठ टाकून रोज कळशीभर पाणी ओत. आणि आईची शिस्त मोडू नकोस. गडगडलं की मेन खाली. त्यात तुझा हात कोण धरणार? आई तुला घरची लाइनमन म्हणायची, आठवतंय ना?

बाबांच्या शिवीचं ऐकून हसलो आणि मग डोळ्यांत पाणी आलं.

तब्येतीला जप. माया आहेच, ती राहू दे.

तुझा,
अनिल


आंबेकोंड
१९ ऑक्टोबर २०२४

चि. अनिल यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मशीन मितेशकडे दिलं, सामानही पोचलं. खड्ड्यात रोज कळशी ओतते. शेजारची काशीवहिनी विचारत होती की बकुळा, तिथे कसलं रोप लावलंयस.

आता खरी बातमी. दसऱ्याला मी देवीसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. सगळा गाव देवळात होता, लवूही खांबाला टेकून उभा होता. गुरवाने विचारलं, नाव घ्यायचं का. मी म्हटलं नको, देवीला शोधू दे. मग त्याने बाबांचं नाव घेऊन मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, की ज्याने कुणी भागोजीच्या डोळ्यांसमोर काळोख केला असेल त्याला आई तू अद्दल घडव. सगळ्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हटलं. लवूनेही म्हटलं, पण त्याच्याआधी सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या होत्या. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. उपासाच्या दिवशी पोटभर जेवल्यासारखं.

नाव न घेता काम झालं. वरच्या वाडीतल्या दत्तारामने गेटची ऑर्डर काढून घेतली आणि सावर्ड्याला दिली. देवीच्या डोळ्यात आलेल्या माणसाच्या हातचं लोखंड दाराला कोण लावणार? शेड आता गप्प असते. लवूची बायको विहिरीवर मला बघून वाट बदलते. बदलू दे. घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं तर ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. समाधान वाटलं असणार.

मशीन कधी पाठवतोस? संध्याकाळ झाली की बाबांचे डोळे चादरीवर जातात.

लोभ आहे तसाच ठेव.

तुझी,
बकुळाताई


कांदिवली
४ नोव्हेंबर २०२४

ती. बकुळाताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. दिवाळीत तुझ्या तोंडचा घास कडू करायचा नव्हता.

दुरुस्तीवाल्याने मशीन उघडून दाखवलं. आतली सर्किटची पाटी, वायरी, फ्यूज सगळं शाबूत आहे. वेल्डिंगचा काय, कसलाच झटका आत आलेला नाही. फुटलाय तो फक्त दिवा. हा दिवा चुलीतल्या निखाऱ्यासारखा तापतो. बटणाने बंद केला की दिवा विझतो, पण आतला पंखा काही मिनिटं फिरत राहतो आणि त्याला निववतो. एकदम वीज तोडली तर पंखाही थांबतो, आणि तापलेली काच आतल्या आत तडकते. त्याने विचारलं की चालू मशीनचा मेन कुणी बंद करतं का. काच आधीच अशक्त झालेली होती, म्हणाला, म्हणजे हे बरेचदा झालंय.

ताई, मला हे ठाऊक असायला हवं होतं. पण हॉटेलात लाइट जाते कुठे, गेली तर जनरेटर लगेच उचलतो. मी तुला झटक्यापासून वाचवायचं सांगितलं, लाइट जाण्यापासून वाचवायचं सांगितलंच नाही. उलट मेन पाडायला सांगितलं. अर्धा दोष माझा धर.

नवीन दिवा बसवलाय. सोबत यूपीएस पाठवतो. लाइट गेली तरी त्यावर मशीन थोडा वेळ चालतं. तेवढ्यात बटण दाबायचं, पंखा आपोआप थांबेपर्यंत कशाला हात लावायचा नाही, मग गडगडू दे किती गडगडायचं ते.

आणि ते गाऱ्हाणं सोडवून घे. लवूसाठी नको वाटत असेल तर तुझ्यासाठी घे. नाव घेतलेलं नाही हे लक्षात ठेव.

रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझा,
अनिल


आंबेकोंड
१७ नोव्हेंबर २०२४

चि. अनिल यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

रागावले होते. पत्र वाचून पहिले दोन दिवस तुझ्यावर, मग दुरुस्तीवाल्यावर. लवूला माफ करण्यापेक्षा ते सोपं होतं.

शेवटी गुरवाकडे गेले. तो म्हणाला, गाऱ्हाणं एकटीने सुटत नाही. ज्याच्यावर बोट गेलं तो शेजारी उभा राहिला पाहिजे. म्हणून लवूच्या शेडमध्ये गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तो लोखंड घासत होता, त्याने मान वर केली नाही. म्हणाला, उभा राहतो, नारळही फोडतो, पण तुझ्या हातचं खोबरं खाणार नाही. आणि त्याआधी बकुळा, तू हे काकांना माझ्यासमोर सांग. महिनाभर कुंपणापलीकडून त्यांच्या शिव्या ऐकतोय. मला त्याचा असा राग आला की सांगता सोय नाही, कारण त्याचं मागणं रास्त होतं.

तो दारात उभा राहिला. मी बाबांच्या उशाशी बसून सांगितलं की दिवा लवूने नाही, मी फोडला. मला वाटलं रडतील, नाहीतर मला शिवी घालतील. ते घालतील तर बरं, असंही वाटलं.

बाबा म्हणाले, ठाऊक हाय. मी मेन पाडला तेव्हाच मशीनच्या आतून फट् झालं, ते उघड्या डोळ्यांनी तिथेच होते. बोलायला जड जात होतं, थांबत थांबत सांगितलं. मी विचारलं, मग लवूला शिव्या का घातल्या? ते म्हणाले, तू घालत होतीस म्हणून. तुजं नाव घेतलं असतं तर मना पेज कोण भरवणार?

लवू निघून गेला. सोमवारी नारळ फुटला. त्याने खोबरं घेतलं नाही.

मशीन छान चालतंय. काल लाइट गेली, तुझ्या यूपीएसवर मी बटण दाबून पंखा थांबेपर्यंत बसून होते. बाबांनी ठेका धरला होता. पण अनिल, मी पेजेची वाटी घेऊन बसले की ते तोंड उघडण्याआधी माझ्या चेहऱ्याकडे बघतात. आधीही बघत असणार. मी चमच्याकडे बघत होते.

सवड काढून ये. थोडे दिवस तू भरव त्यांना.

तुझी,
बकुळाताई