यादीच्या शेवटच्या पानावरची दीपा

मी, नलू धर्मपाल मनवर, वय ७१, सेवानिवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार दिग्रस, जि. यवतमाळ, कोणाच्याही दबावाखाली नव्हे तर भारी आनंदात, पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र लिहिते. डॉक्टरांनी बीपी तपासला. थोडा जास्त निघाला, तो आजच्या बातमीमुळे.

बातमी अशी, की जर्मनीत नर्स असलेली माझी एकुलती मुलगी दीपा हिचं नाव मतदार यादीत परत आलं! शेवटच्या पानावर, परदेशातली मतदार म्हणून. त्या पानावर ती एकटीच आहे.

नाव गेलं होतं माझ्याच तोंडामुळे. अंगणवाडी सांभाळून बारा वर्षं मीच निवडणुकीच्या कामाला घरोघरी फिरून मतदार यादी तपासली, गाव सोडून गेलेल्यांची नावं कापली. तरी माझ्या जागी आलेली उर्वशी यादी तपासत दारात आली, तेव्हा मी तोऱ्यात म्हणाले, "पोरगी आता कायमची जर्मनीले गेली, बाई!" आणि नाव कापायच्या अर्जावर सहीही ठोकली. तिकडे परकी म्हणून मत नाही, इकडे गेली म्हणून मत नाही. दीपा फोनवर रडली, "आई, माह्यं नाव तूच कापलं?" त्याच आठवड्यात मी तिला परदेशातल्या मतदारांचा अर्ज भरायला लावला.

१. राहतं घर दीपाला. तिच्या पासपोर्टवर हाच पत्ता आहे, त्यावरच नाव आलं. माझे दीर राजदीप म्हणतात, "वहिनी, एका मतासाठी जर्मनीहून इमानात बसून येते काय कोणी? घर इकून टाका." भाऊजी, नगरपालिकेच्या निवडणुकीत तुम्ही माझ्या दारात सातदा आलात, तेही एकाच मतासाठी. तुम्हाला लोणच्याची मोठी बरणी. घराचं नाव काढू नका.

२. बँकेतली ठेव दीपाच्या तिकिटासाठी. तिला मतदानाला पासपोर्ट घेऊन इथेच यावं लागतं.

३. माझी कामाची पिशवी व लाल पेन उर्वशीला. बाई, नाव कापण्याआधी दोनदा विचार. समोरची फुशारकी मारत असेल, तर तीनदा.

४. दीपाने तिकडचं नागरिकत्व घेतलं, तर इथलं नाव जाईल. घे बेटा, मी रागावणार नाही. पण मग तिथे मत दे. बिनमताची राहू नको. घर तरीही तुझंच.

५. मी मतदानाच्याच दिवशी गेले, तर दीपाने आधी रांगेत उभं राहावं. बोटाला शाई लागली, की मग मला खांदा द्यावा. तोवर मी थांबते.

आमच्यासमोर सही केली :
खेमसिंग राठोड, शेजारी
रुपीबाई चव्हाण, निवृत्त मदतनीस

सही : नलू धर्मपाल मनवर
दिग्रस, १४ मार्च २०२५