स्क्रू सरळ गेला होता

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नसल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, पावला असं समज.) तुझी पाठ कशी आहे? भावजींचा खोकला थांबला का? मी मजेत आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. तू मागच्या महिन्यात पाठवलेला गोड बिस्किटांचा डबा सोमवारी पोचला आणि बुधवारी संपला. यावरून बिस्किटं कशी झाली होती ते तू ओळखशीलच, आणि पुढचं पत्र वाचल्यावर ती पाठवल्याचा तुला पश्चात्तापही होईल.

आता मूळ मुद्दा, म्हणजे माझं तोंड. खालची एक दाढ काढल्यापासून तिच्या मागची दाढ रिकाम्या जागेकडे कलली होती, बिजागरी सैल झालेल्या दारासारखी. आपल्या खारूला (तुझी लेक आता दात सरळ करणारी डॉक्टर होत असली, तरी सातव्या वर्षी माझ्या दुकानात बसून सुतारी पेन्सिली कुरतडणारे ते पुढचे दोन दात मी विसरलेलो नाही) परीक्षेत दाखवायला मोठ्या वयाचा पेशंट हवा होता. लहान मुलं रांग लावून येतात, पन्नाशी उलटलेला माणूस काही मिळेना. मी म्हटलं, मग मामा कशाला आहे? जबड्याच्या हाडात आठ मिलिमीटरचा स्क्रू बसवायचा, त्याला दाढ अडकवायची आणि तिला हळूहळू उभी करायची. तोवर काही महिने स्क्रू हलता कामा नये, एवढीच अट. तीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाला हे ऐकून भरून आलं.

फॉर्म खारूनेच भरला. मान खाली घालून लिहिता लिहिता तिने विचारलं, "मामा, तुला शुगर वगैरे काही नाही ना?" मी म्हटलं, "छे." ताई, ते खोटं होतं. मला सहा वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्या दुकानात पाऊण इंची स्क्रूच्या खणात ठेवल्या आहेत आणि खण उघडला की घेतो. (पाऊण इंची स्क्रू हल्ली फारसे लागत नाहीत.) तिने रीतसर रक्त तपासायला पाठवलं, तर मी दोन दिवस आधीपासून काकडीवर राहिलो आणि आकडा असा देखणा आणला की तो चौकटीत लावावा. सांगितलं नाही ते तुझ्यामुळे. आपल्या अण्णांच्या पायाची मधुमेहाने चिघळलेली जखम तू अकरा महिने रोज धुतलीस. मी दारात उभा राहून काही हवं का विचारायचो आणि आत मात्र कधी आलो नाही. त्याच आजाराचं नाव तुला पुन्हा ऐकवणं माझ्या जिवावर आलं. (दुसरं कारण डबा. तू तो त्याच दिवशी बंद केला असतास.)

पहिला स्क्रू तीन आठवड्यांत डुगडुगायला लागला. भोवतीची हिरडी सुजून लाल झाली. खारूने तो काढला आणि जरा पुढे दुसरा बसवला. बसवताना तिचं सगळं लक्ष हातात होतं. इतक्या निगुतीने मी देवघराच्या दारालाही कधी स्क्रू लावलेला नाही. सोळाव्या दिवशी तुझ्या डब्यातलं बिस्किट चहात बुडवून तोंडात घातलं आणि बिस्किटाबरोबर स्क्रूच हातात आला. मी तो जपून ठेवला. इतका जपून की दुसऱ्या दिवशी सापडेना. अख्खं दुकान पालथं घातलं, सगळे खण रिकामे केले, आणि शेवटी त्याच्यासारखाच दिसणारा एक कागदात गुंडाळून दवाखान्यात नेला. खारूच्या वरच्या मोठ्या डॉक्टरांनी तो भिंगाखाली धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हा पितळेचा कसा?" तो एका दागिन्यांच्या पेटीच्या बिजागरीचा होता. मी हसलो. खारू हसली नाही.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मग त्यांनी मलाच विचारलं, "तुम्ही सुतार ना? मग तुम्हाला काय वाटतं, स्क्रू का धरला नाही?" ताई, स्क्रू का धरत नाही हे मला झोपेतही सांगता येतं. लाकूड भुसभुशीत असलं की कितीही सरळ बसवा, तो सुटतो. सुटल्यावर कारागिराच्या हाताला नावं ठेवायची नसतात, लाकूड बघायचं असतं. हे मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आलो. आणि त्या दिवशी माझं लाकूड झाकायला मी म्हणालो, "थोडा तिरका गेला असावा. पोरीचा हात अजून नवा आहे." खारूने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि तो एप्रनच्या खिशात घातला.

तेव्हापासून तिला स्क्रू बसवायला देत नाहीत. ती मागच्या खोलीत प्लॅस्टरचे साचे ओतत बसते. परीक्षेला बसवायचं की वर्षभर थांबवायचं, ते येत्या गुरुवारी ठरणार. काल मी माझ्या साखरेच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, निरोगी माणसाचाही एखादा स्क्रू सुटतो आणि साखर ताब्यात असली तर मधुमेह्याचाही बहुधा टिकतो. पण साखर अशी मोकाट असली की हिरडी सुजत राहते, हाड नीट भरत नाही, मग स्क्रूने धरायचं कशाला? तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक तपासणीही त्यांनी केली. तिला काकडी कळत नाही. आकडा इथे लिहीत नाही, तुझ्या पाठीला सोसणार नाही. मला फार वाईट वाटतं आहे, ताई. पोरीला मदत करायला गेलो आणि तिचा हातच तिच्यापासून तोडला.

भावजींना नमस्कार.

तुझा,
पन्नाशी उलटूनही अक्कल न आलेला धाकटा भाऊ

ता. क. खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहिलं की हे खारूला तू सांगावंस. तू तिची आई आहेस, तुझ्याकडून तिला कमी लागेल. मला तिला तोंड दाखवायची लाज वाटते. (आणि ते दाखवण्याखेरीज आमच्यात आता दुसरं काही काम उरलेलं नाही.) गुरुवारच्या आत सांग.

ता. क. दुसरा, बुधवार. पाकीट बंद करण्याआधी तुझा रिकामा डबा परत पाठवायला पुसायला घेतला, तर तळाशी चुऱ्यात खरा स्क्रू सापडला. मग मलाच राहवेना. स्क्रू, तपासणीचा कागद आणि हे पत्र घेऊन मीच दवाखान्यात गेलो आणि मोठ्या डॉक्टरांसमोर तिला वाचायला दिलं. त्यांनी फॉर्म पुन्हा काढायला लावला आणि उद्याच्या बैठकीत मी स्वतः येऊन हेच बोलावं असं सांगितलं. मी जाणार आहे. खारूने पत्र दोनदा वाचलं. ती रागावली नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "मामा, एक्स-रेमध्ये तो सरळच दिसत होता. मी दहा वेळा पाहिला. पण तू सुतार, तू तिरका म्हणालास, म्हणून मला वाटलं माझंच बघायला चुकतंय."

तेव्हा तिला तू आता काही सांगायला नको. मला जे बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. डबा रिकामाच पाठवतो आहे, तो आता तुझ्याकडेच राहू दे.