पासवर्ड रोज बदलू देण्याबाबत

प्रति,
मा. वसाहत अधिकारी,
कारखाना वसाहत कार्यालय,
भोपाळ.

विषय : माझ्या क्वार्टरमधील वाय-फायचा पासवर्ड कायम न ठेवता रोज बदलण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचा दि. २७ जुलै २०२३ चा आदेश.

महोदय,

१. मी कारखान्याच्या भांडार विभागातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले असून लीजवरील क्वार्टरमध्ये एकटी राहते. आपण मूळचे यवतमाळचे असल्याचे समजल्यावरून अर्ज मराठीत करीत आहे. फाइलसाठी हिंदी प्रत सोबत जोडली आहे.

२. माझा मुलगा हेमंत बंगळुरूस असतो. आईला रोज बघता यावे म्हणून त्याने तीन वर्षांपूर्वी वाय-फायचे यंत्र बसवून दिले. त्याला रोज बघणे जमत नाही. त्याच्या कामाच्या वेळा वेगळ्या आहेत, तक्रार नाही. यंत्र मात्र रिकामेच चालू राही.

३. वसाहतीतील शाळेचा गृहपाठ हल्ली मोबाईलवर येतो आणि आमच्या ओळीत मोबाईलला धड रेंज नाही. शेजारची कु. कांचन टेंभेकर (इयत्ता सहावी) प्रथम आली. "आजी, तुमचं वाय-फाय द्या ना, मॅमनी प्रोजेक्ट भेजला है," असे तिचे शब्द होते. मी पासवर्ड दिला. आठवड्याभरात अकरा मुले झाली.

४. येथे माझ्या हातून जे घडले ते लपवीत नाही. पासवर्ड एकदा कळल्यावर मुले समोरच्या बागेत बसून काम करू लागली. यंत्राची रेंज तिथवर पोचते. दाराशी कोणी येईना. मी तीस वर्षे भांडाराच्या खिडकीवर काढली. तिथला नियम असा की माल घेणाऱ्याने रोज स्वतः खिडकीवर यावे, कालची चिठ्ठी आज चालणार नाही. तोच नियम मी घरी लावला. रोज पाच वाजता नवा पासवर्ड, आणि तो दारात येऊन विचारील त्यालाच. शब्द मराठी असत : उखळ, परकर, मुरांबा. हिंदी घरची मुले अर्थ विचारीत, मग दोन मिनिटे जास्त थांबत. सात वाजता यंत्र मी स्वतः बंद करी.

५. कांचनचे वडील श्री. विश्वास टेंभेकर यांची तक्रार आहे की माझ्या दाराशी लागणाऱ्या रांगेत मुलांचा वेळ जातो. जातो. मुले अभ्यासाच्या नावाखाली गेम खेळतात, हीही तक्रार खरी आहे. पायरीवर बसलेल्या मुलाने मान वर करून माझ्याकडे पाहिले असे क्वचितच घडे. मी पोहे दिले तरी एक डोळा मोबाईलवर. पण येताना "आजी" म्हणत आणि जाताना "आजी, कल आते" म्हणत. मला तेवढे पुरत होते.

६. या तक्रारीवरील आदेशात आपण कनेक्शन बंद केले नाही, उलट मुलांची सोय पाहिली, याबद्दल आभारी आहे. एक कायम पासवर्ड ठरवून तो शाळेमार्फत पालकांना कळवावा, म्हणजे "अर्जदारास वारंवार होणारा त्रास टळेल", असे आपण लिहिले आहे. महोदय, सुंठीवाचून खोकला गेला असे आपल्याला वाटले असेल. परंतु तो त्रास मला हवा होता.

७. आदेशाची अंमलबजावणी १ ऑगस्टपासून केली. आज अकरावा दिवस. मुले बागेत बसतात, खिडकीतून त्यांच्या पाठी दिसतात. यंत्राचा दिवा लुकलुकत राहतो, म्हणजे कोणीतरी माझ्या घराशी जोडलेले आहे. या अकरा दिवसांत दाराची घंटा दोनदा वाजली : एकदा गॅसवाला, एकदा आपल्या कार्यालयाचा शिपाई पोच घ्यायला. त्याला मी पोह्यांचा आग्रह केला. तो ड्यूटीवर होता.

८. मला एकटे वाटते, हे अर्जात लिहिण्याचे कारण होऊ शकते की नाही, ठाऊक नाही. भांडारात असताना असा अर्ज माझ्यासमोर आला असता तर मी "नियमात बसत नाही" असा शेरा मारला असता. तरीही लिहीत आहे.

९. सबब विनंती की, पासवर्ड रोज बदलण्यास मान्यता द्यावी. रोज शक्य नसल्यास एक दिवसाआड, तेही नसल्यास फक्त शनिवारी. गेम बंद करण्याची कळ हेमंतला विचारून घेते. रांग लागू नये म्हणून मुलांना पाच-पाच मिनिटांच्या वेळा लिहून देईन. कोणी दोनच मिनिटे थांबले तरी माझी हरकत राहणार नाही.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत,

आपली नम्र,
(सही)
श्रीमती प्रमिला अच्युत देवपुजारी
भोपाळ, दि. ११ ऑगस्ट २०२३

सोबत :
१) संदर्भीय आदेशाची प्रत.
२) अर्जाची हिंदी प्रत.
३) पुढील महिन्याच्या तीस पासवर्डांची यादी, अर्थासह. (गोपनीय. कृपया मुलांना दाखवू नये, नाहीतर कोणी येणार नाही.)