कपाटाची मागची फळी

प्रिय ताई,

आईने आपलं जुनं कपाट काल माझ्याकडे दुरुस्तीला पाठवलं. लपाछपीत तू नेहमी त्यातच लपायचीस. एकदा माझ्यावर राज्य असताना मी मुद्दाम बाहेरून कडी लावली होती. हे आजवर कुणालाच सांगितलं नाही. थोड्या वेळाने घाबरून उघडायला निघालो, तोच पाठीत तुझा धप्पा बसला. "घे पुन्हा राज्य, बावळटा," म्हणालीस. कडी तर तशीच होती. तू बाहेर कशी आलीस हे विचारायचं, तर कडीचं कबूल करावं लागलं असतं.

आज दार लावून मी स्वतः आत बसलो. मागची फळी दाबली, तर ती हलली. खालचे चार स्क्रू काढलेले आहेत आणि भोकांत साबण भरला आहे. कपाट कोपऱ्यात तिरकं असायचं, तेव्हा मागून निघता आलं असेल. पण ही तयारी तू आधीपासूनच केली होतीस? माझ्यावर एवढाच भरवसा होता?

आई म्हणते, कपाट तुझ्याकडे जाणार आहे. मी बिजागऱ्या बदलल्या, कडी काढून टाकली. फळी मात्र ठोकली नाही. तुझी लेक आता लपायच्या वयाची झाली.

पत्र टाकायचा धीर होईल असं वाटत नाही.

अजून राज्य असलेला,
तुझा धाकटा